राख, खार आणि दुखणं

होळी पेटून गेली की खानदेशातल्या धाब्यांवर आणि गच्च्यांवर बाजा टाकल्या जातात, त्यांवर जुनी लुगडी अंथरली जातात. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या आत हे सगळं वाळून डब्यांत गेलेलं बरं. यातलं पापडाचं काम सर्वांत नाजूक. पापडखार पाण्यात उकळायचा, गाळून गार करायचा, त्या पाण्यात मीठ-हिंग-मिरी घालून उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं आणि तेलाचा हात लावत लावत कुटायचं. खार कमी पडला तर पापड फुलत नाही, चामट लागतो. जास्त झाला तर तळताना लाल पडतो आणि जिभेला झोंबतो. म्हणून पीठ भिजवण्याच्या वेळी गल्लीतल्या एखाद्या जाणत्या जिजीला बोलावणं जातं. ती वजनकाटा मागत नाही. खाराच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवते आणि सांगते, "पुरे."

जळगाव-धुळ्याच्या घरांत खार असा जिभेने मोजला गेला. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच भागात, मोबाईलवरून आणि शिबिरांतून, खाराचा एक नवा अवतार हिंडतो आहे. शरीर आम्लधर्मी झालं म्हणून गुडघे धरतात, कंबर दुखते, मान आखडते. आहार अल्कलाइन करा, पीएच सुधारा, दुखणं पळेल, असा हा उपदेश. सोबत बहुधा एक पुस्ती जोडलेली असते की हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. पूर्वजांना खार ठाऊक होता यात शंका नाही. पण त्यांना तो कशासाठी ठाऊक होता, आणि त्याबद्दल ते काय म्हणत होते, हे पाहिलं की गोष्ट बरीच निराळी निघते.

खाराची पहिली खाण म्हणजे चूल. लाकूड जळलं की मागे उरणाऱ्या राखेत पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे क्षार असतात. पऱ्हाटीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजून झाली की खाली उरलेली राख वाया जात नसे. तिनेच तेलकट भांडी घासली जात, कारण राखेतला क्षार तेलाशी मिळाला की थोडासा साबणच तयार होतो. धान्यात राख मिसळून ते कीड लागू नये म्हणून ठेवलं जाई. केळीचा खांब तर पोटॅशने भरलेला. आसामात केळीची साल वाळवून, जाळून, तिच्या राखेचं पाणी गाळून स्वयंपाकात वापरण्याची मोठी परंपरा आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मात्र घड कापल्यावर खांब बांधावर पडून राहतात. एवढी केळी पिकवणाऱ्या मुलखाने केळीच्या खाराकडे पाठ फिरवावी, ही जरा गंमतच आहे. पापडासाठी इथे बाजारचा खार आला : सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचं मिश्रण, म्हणजे धुण्याच्या आणि खाण्याच्या सोड्याचं नातलग.

स्वयंपाकघराबाहेर खाराचे मोठे गिऱ्हाईक होते रंगारी आणि धोबी. १९व्या शतकात फैजपूर हे रंगाऱ्यांचं नावाजलेलं गाव होतं. नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही. तिला क्षारयुक्त पाण्याचं पिंप लागतं आणि आंबवण लागतं, तेव्हा कुठे ती धाग्यात शिरते. आल या झाडाच्या मुळीचा लाल रंग पक्का बसायचा तर कापड आधी तेल आणि खार यांच्या मिश्रणात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवावं लागे, मग तुरटी. कपाशीच्या मुलखात हे ज्ञान हातोहाती होतं. खानदेशच्या पूर्वेला, वऱ्हाडच्या हद्दीत, लोणारचं सरोवर खाराचं नैसर्गिक कोठारच. 'आईन-इ-अकबरी'नेही त्या परिसरात साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो याची दखल घेतली होती. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर जमणारा सोडा खरवडून विकला जाई. या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. ते कोणी प्यायला सुचवल्याचं ऐकिवात नाही.

आता वैद्यकाकडे. खार औषध म्हणून आयुर्वेदाला चांगला परिचित होता. सुश्रुताने क्षारकर्माला शस्त्रक्रियेच्या पंगतीला बसवलं, आणि भगंदरावरचं क्षारसूत्र आजही आयुर्वेदाच्या रुग्णालयांत वापरलं जातं. पण रोजच्या खाण्यात खार किती असावा, यावर चरकाचं मत अगदी स्पष्ट आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तो तीन पदार्थांचा अतिरेक टाळायला सांगतो : पिंपळी, क्षार आणि मीठ. क्षार फार खाल्ला तर डोळे, केस, हृदय आणि पौरुष यांना बाधतो असं सांगून तो उदाहरणही देतो, पूर्वेकडच्या लोकांचं आणि चिनी लोकांचं, जे सतत क्षार खातात आणि ज्यांना आंधळेपण, टक्कल, नपुंसकत्व असे विकार होतात. मिठाच्या अतिरेकासाठी सौराष्ट्र आणि सिंधकडच्या लोकांकडे बोट. त्याचा हा भूगोल आणि कार्यकारणभाव आजच्या कसोटीवर उतरणार नाही, पण एवढं नक्की की 'अल्कलाइन खा' हा सल्ला चरकाच्या नावावर खपवता येत नाही. त्याने नेमकी उलट ताकीद दिली आहे. सांधेदुखीचं वर्णन करणारा आमवात पुढे माधवनिदानात स्वतंत्र प्रकरण म्हणून आला. तिथे दोष अपक्व आमाचा आणि वाताचा आहे. रक्त आंबट झाल्याचा नाही.

मग हा विचार आला कुठून? त्याचाही उगम राखेतच आहे, फक्त ही राख युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतली. १९व्या शतकाच्या मध्यावर क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ आणि क्षारधर्मी असते, पण तोच ससा उपाशी ठेवला किंवा त्याला मांस दिलं की ती स्वच्छ आणि आम्लधर्मी होते. मग शास्त्रज्ञांनी अन्न जाळून त्याची राख तपासायला सुरुवात केली. १९१२ साली अमेरिकेत शर्मन आणि गेटलर यांनी कोणत्या अन्नाच्या राखेत आम्ल बनवणारी मूलद्रव्यं जास्त आणि कोणत्या राखेत क्षार बनवणारी जास्त, याचा हिशेब मांडला. मांस, अंडी, धान्य एका बाजूला. फळं, भाज्या, कंद दुसऱ्या बाजूला. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएचचं माप रूढ केलं होतं. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची, आणि तिला आंबवण नीट मोजायचं होतं. आज आरोग्याच्या जाहिरातींत मिरवणारा पीएच मुळात दारूच्या भट्टीशेजारी जन्मला.

प्रयोगशाळेचा हिशेब होता राखेचा आणि लघवीचा. तो रक्ताचा आणि दुखण्याचा करून टाकला आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या प्रचारकांनी. त्यांत सर्वांत गाजला विल्यम हे नावाचा अमेरिकन डॉक्टर. १९२०-३०च्या दशकांत त्याने आम्लसंचय हेच बहुतेक रोगांचं मूळ ठरवलं आणि पिष्ट व प्रथिनं एका जेवणात खाऊ नका असं सांगितलं. या नियमाने वरण-भात, भाकरी-पिठलं, कळणं-शेंगदाण्याची चटणी, सगळंच बाद. नशीब, खानदेशापर्यंत तो पोहोचला नाही.

इथे पोहोचला निसर्गोपचार, आणि तो वेगळ्या वाटेने. जर्मनीच्या लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट यांची पुस्तकं गांधीजींनी वाचली होती. कटिस्नान, मातीच्या पट्ट्या आणि साधा आहार यांवर त्यांचा विश्वास होता. कुनेच्या मते रोगाचं कारण शरीरात साठलेली परकी घाण. पीएच त्याच्या गावीही नव्हता. धुळे जिल्ह्यात या विचाराची एक देशी शाखा दिसते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. २१ फेब्रुवारीला सुरू झालेली ही मालिका १९ जूनला संपली. सतराव्या अध्यायाच्या प्रवचनात आहारशुद्धीचा विषय आला. गीतेचा तो अध्याय फार तिखट, आंबट, खारट अन्नाला रजोगुणाचं ठरवतो आणि त्याचं फळ दुःख, शोक आणि रोग असं सांगतो. अन्न आणि दुखणं यांची गाठ या भूमीत अशी नीतीच्या अंगाने घातली गेली. आंबट आणि खारट, दोन्ही एकाच कठड्यात उभे. चार वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाने घाणीचं तेल, हातसडीचं धान्य, गूळ यांना राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला गांधीजींनी निसर्गोपचार केंद्राची सुरुवात केली. या सगळ्या चळवळीत लिंबू होतं, सोडा होता, उपास होता. दुखऱ्या गुडघ्यासाठी रक्त अल्कलाइन करण्याची भाषा तिच्या गाभ्यात नव्हती. ती नंतर चिकटली.

राखेच्या हिशेबाने खानदेशी ताट तपासलं तर मजा येते. १९९५ मध्ये जर्मनीत रेमर आणि मान्झ यांनी अन्नाचा मूत्रपिंडावर पडणारा आम्लभार मोजण्याची पद्धत दिली. तिच्यात उणे आकडा म्हणजे क्षाराकडे, अधिक म्हणजे आम्लाकडे. शंभर ग्रॅम केळ्याचा आकडा उणे साडेपाचच्या आसपास, शेंगदाण्याचा अधिक आठच्या वर. वांगं उणे, धान्य आणि डाळी अधिक. म्हणजे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आम्लाच्या खात्यात, तिच्यावरचं भरीत क्षाराच्या, भरतातले शेंगदाणे पुन्हा आम्लाच्या, सोबतची कांद्याची पात क्षाराच्या. जिभेला आंबट लागणारं लिंबूही क्षाराच्याच खात्यात, कारण त्यातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं आणि मागे पोटॅशियम उरतं. जळगावचं केळं आणि जळगावचं भरताचं वांगं, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अल्कलाइनवाल्यांच्या यादीत दोघंही पास. पण आसोद्याच्या किंवा भालोदच्या भरताची कीर्ती यासाठी कोणी वाढवलेली नाही.

हा आकडा सांगतो तो लघवीचा कल. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, मग दुपारी पुरणाचे मांडे खा, शेवभाजी खा की नुसती केळी. रक्तातलं बायकार्बोनेट तत्काळ सांभाळून घेतं, फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि उरलेला हिशेब मूत्रपिंडं काही तासांत, फार तर दिवसांत, चुकता करतात. हा पट्टा खरोखर सुटला तर माणसाची जागा अतिदक्षता विभागात असते. लिटमसची पट्टी लघवीत बुडवून 'शरीर आम्लधर्मी आहे' असं सांगणारा माणूस प्रत्यक्षात मूत्रपिंडं नीट काम करताहेत एवढंच दाखवत असतो. अल्कलाइन पाण्याचं तर पोटातच विसर्जन होतं. जठरातलं आम्ल दीड ते साडेतीन पीएचचं; लाखाच्या घरातल्या यंत्रातून काढलेल्या पाण्याचाही तिथे टिकाव लागत नाही.

तरीही या विषयात थोडंसं तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. युरिक आम्लाचे मुतखडे होणाऱ्यांना डॉक्टर लघवी क्षारधर्मी करणारी औषधं देतात आणि ती उपयोगी पडतात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्तातलं बायकार्बोनेट खरंच घटतं, तेव्हा सोड्याच्या गोळ्या दिल्या जातात. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे पाणी कमी पिणाऱ्याला खड्याचा धोका असतोच. कंबरदुखीसाठी २००१ मध्ये जर्मनीतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला : ८२ रुग्णांना चार आठवडे क्षारयुक्त खनिजं दिली, त्यांची दुखण्याची तक्रार बरीच कमी झाली. पण त्यांच्याशी तुलना करायला औषध न दिलेला गट नव्हता. कंबरदुखी चार आठवड्यांत आपोआपही कमी होते, आणि कोणी काळजीने विचारपूस केली की आणखी. एवढ्या पायावर इमारत उभी राहत नाही.

खानदेशातल्या सांधेदुखीचा जुना पत्ता भलताच आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवचा गरम झरा आहे; १८८०च्या खानदेश गॅझेटियरातही या भागातल्या उष्ण झऱ्यांची नोंद आहे. शहाद्याकडेही उनपदेव नावाचा असाच झरा. अडावदच्या झऱ्याची कथा अशी की शरभंग ऋषींच्या अंगावरच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं. त्वचेचे विकार, अंग धरणं, सांधे आखडणं यांसाठी पिढ्यान् पिढ्या लोक तिथे आंघोळीला येत आले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ तापीच्या खोऱ्यातल्या प्रस्तरभंगांकडे बोट दाखवतात : पाणी खोल जातं, तापतं आणि भेगेतून वर येतं. अशा पाण्याने बरं वाटतं यात नवल नाही. ऊब स्नायूंना सैल करते, पाण्यात अंगाचा भार हलका होतो, आणि कापूस वेचून किंवा केळीचे घड वाहून वाकलेल्या माणसाला एक दिवस तरी काम थांबवून स्वस्थ बसायला मिळतं. यात पाण्याच्या पीएचचा वाटा शोधायला जाऊ नये.

आणि एक दुखणं असं आहे की ज्यात पीएचचा संबंध खरोखर आहे. तेही सातपुड्यातच. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. काही पाहण्यांत वाहकांचं प्रमाण शेकडा वीसच्या आसपास आणि त्याहूनही जास्त आढळलं. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, पोट यांत असह्य कळा येतात. प्राणवायू कमी पडणं, अंगातलं पाणी आटणं आणि रक्त आम्लाकडे झुकणं, या तिन्ही गोष्टींनी पेशी अधिक वाकतात. म्हणजे क्षार देऊन कळा थांबायच्या असतील तर त्या इथे थांबायला हव्या होत्या. डॉक्टरांनी तसा प्रयत्न करूनही पाहिला. अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून कळांच्या वेळी थेट शिरेतून क्षार देऊन नियंत्रित चाचणी केली; तिचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. कळा थांबल्या नाहीत. पीएच आणि वेदना यांचा सर्वांत पक्का धागा असलेल्या आजारात, शिरेतून दिलेला क्षार हरला. मग काकडीच्या रसाने गुडघा सुटेल हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

उपयोगी ठरलं ते दुसरंच. भरपूर पाणी, वेळेवर वेदनाशामक, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि सर्वांत आधी रक्ताची तपासणी. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी धडगावसारख्या भागांत जाऊन वर्षानुवर्षं हेच काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तोवर सातपुड्यातल्या कित्येक पिढ्यांनी या कळा 'अंगात वारं शिरलं' म्हणून सोसल्या होत्या.

पीएचच्या नावावर सर्वांत मोठा बाजार मांडणारा रॉबर्ट यंग हा अमेरिकन. 'पीएच मिरॅकल' हे त्याचं पुस्तक २००२ मध्ये आलं आणि त्याचे अनुवादही झाले. तो डॉक्टर नव्हता. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला शिक्षा झाली. २०१८ मध्ये कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीला भरपाई देण्याचा निकाल ज्यूरीने त्याच्याविरुद्ध दिला, साडेदहा कोटी डॉलरचा. त्याच्या पुस्तकातले तक्ते मात्र अजून मराठी करून फिरताहेत, खाली कोणाचंच नाव न घालता.

भाज्या, फळं, पालेभाजी जास्त खायला हरकत कसली, खावीतच. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी 'अल्कलाइन' म्हणून केळी, शहाळी आणि भाज्यांचे रस स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते आधी कळवून येत नाही. रक्तदाब असलेल्यांनी रोज सोडा पिणंही टाळावं. त्यात सोडियम असतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं डॉक्टरला दाखवावं. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या, विशेषतः आदिवासी घरांतल्या, लग्नाच्या मुलामुलींनी सोयरीक ठरण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. शासकीय रुग्णालयात ही तपासणी मोफत होते.